हट्टेकर कागदोपत्री खेड्यात जातात

राधाकृष्ण हट्टेकर यांनी खेडूत व्हायचं ठरवलं, तेव्हा ते वसमतच्या आपल्या ब्लॉकमध्ये पंख्याखाली बसून चहात खारी बुडवत होते. खारी बुडवायला किती वेळ धरायची याचा त्यांचा अंदाज वीस वर्षांत कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला, खारी तुटून कपाच्या तळाशी गेली, कारण नेमकं त्याच क्षणी शेजारच्या गंगूताई दारातून आत येत म्हणाल्या, "राधाकृष्णा, तुझी पोरगी हुशार आहे रे, पण शहरातली हुशार आहे. तिथंच तर घोडं पेंड खातं."

विषय होता प्रज्ञांकुर निवासी विद्यालयाचा. ही सरकारी शाळा जिल्ह्यातल्या हुशार पोरांसाठी. पाचवीत परीक्षा, सहावीपासून राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. जागा ऐंशी. त्यातल्या साठ खेड्यातल्या मुलांना, म्हणजे जी चौथी-पाचवी गावातल्या शाळेत शिकली आणि गावातच राहिली त्यांना. उरलेल्या वीस सगळ्यांना, म्हणजे शहरातल्यांना. आणि नुसत्या वसमतमध्येच घरटी एक हुशार पोरगं होतं. निदान आयांचं तसं म्हणणं होतं.

हट्टेकरांची रेवती तेव्हा तिसरीत होती. पाढे तीसपर्यंत पाठ, अक्षर मोत्यासारखं आणि वर्गात नंबर पहिला. पण त्या वीस जागांच्या दारात तीनशे पोरं उभी राहणार हे हट्टेकरांनी कागदावर मांडून पाहिलं होतं, आणि कागदावर मांडलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास होता.

"तिला खेड्यातली हुशार करून टाक," गंगूताई म्हणाल्या. "आमच्या सुनितानं केलं की तिच्या पोरीचं. नाव गावात, पोरगी घरात. कोण बघायला येतंय?"

हट्टेकर ताठ झाले. इथं त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हट्टेकर सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. त्यांच्या पणजोबांनी हट्टा गाव सोडलं, पण घराण्यानं हट्ट काही सोडला नाही, असं त्यांची बायको साधना म्हणत असे. झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का मारण्याआधी मूळ प्रत खरोखर पाहणारा तालुक्यातला बहुधा हा एकच माणूस. खोटा कागद त्यांच्या टेबलावरून अठरा वर्षांत पुढे सरकला नव्हता. त्यापायी खरे कागदही पुष्कळदा सरकत नसत, पण तो वेगळा विषय.

"खोटं नाव मी घालणार नाही," ते म्हणाले. "घालायचं तर खरं घालू. रेवती खरोखर गावातल्या शाळेत जाईल. रोज."

"आणि राहायचं?" साधनानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"परिपत्रकात 'निवास' असा शब्द आहे. किती तास, ते दिलेलं नाही."

साधना हात पुसत बाहेर आली. "म्हणजे खोटंच," ती म्हणाली, "फक्त घाम गाळून."

गाव सापडलं बोरगव्हाण. कुरुंद्याच्या पुढे चार किलोमीटर, चारी बाजूंनी हळदीची शेतं आणि मधोमध जिल्हा परिषदेची शाळा. वसमतहून साडेसातला एसटी निघते ती आठ वीसला बोरगव्हाणात पोचते, दहा मिनिटं थांबते आणि तशीच परत फिरते. म्हणजे पोरीला उतरवून पावणेदहाला कचेरीत सही करता येते. गावाची निवड शिक्षणाच्या दर्जावरून केली असं हट्टेकर सगळ्यांना सांगत, पण खरं कारण हे वेळापत्रक होतं.

खोली दिली संतराम इंगोले यांनी. संतरामकडे चार एकर हळद, दोन म्हशी, आणि बैठकीला लागून एक रिकामी खोली. "भाडं कशाचं घ्यायचं सायेब," तो म्हणाला, "खोली पडूनच हाय. लेकराला दुपारच्याला सावलीला बसता येईल." हट्टेकरांना हे मान्य होईना. फुकट राहणारा माणूस पाहुणा होतो, रहिवासी होत नाही. शेवटी त्यांनी रीतसर करारनामा केला, दोन साक्षीदार घेतले आणि संतरामनं न वाचता सही केल्याबद्दल त्याला अर्धा तास बोलले.

मग रहिवासी दाखला. ग्रामपंचायतीत फाईल बघून तिथले भाऊसाहेब म्हणाले, "समदं बराबर हाय. फकस्त शौचालय वापरत असल्याचा फोटू पायजे."

"वापरत असल्याचा?" हट्टेकरांचा आवाज चिरकला.

"म्हंजे समोर उभं राहून हो."

इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, अशा वेषात हट्टेकर संतरामच्या संडासाच्या गुलाबी दारापुढे सावधानमध्ये उभे राहिले. संतरामची बायको द्वारकाबाई मदतीला धावली. "भाऊ, हातात तांब्या घ्या, मंग खरं वाटतंय," म्हणत तिनं भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. फोटो झकास आला. इतका, की भाऊसाहेबांनी तो 'आपल्या गावचे नवीन रहिवासी' असं लिहून गावच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो एसटीच्या आधी वसमतला पोचला. पुढचे तीन आठवडे कचेरीतला शिपाई हट्टेकरांच्या टेबलाशी येऊन अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारत असे, "साहेब, पाणी भरून ठेवू का?"

असो. हट्टेकर खेडूत झाले. निदान रोज सकाळी दहा मिनिटं.

या प्रवासात त्यांना एक गोष्ट दिसे, आणि ती पाहून कुठे बघावं तेच त्यांना समजत नसे. कुरुंद्याच्या फाट्यावर रोज समोरून चार पिवळ्या गाड्या येत. त्यात बोरगव्हाण आणि आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्या घरची पोरं टाय लावून वसमतच्या इंग्रजी शाळेत चाललेली असत. ती पोरं खिडकीतून हात करत, रेवतीही हात करी. पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटे, हा साहेब रोज उलटा कुठे चाललाय? एक दिवस त्यानं गाडी थांबवून तसं विचारलंसुद्धा. हट्टेकरांनी झोपेचं सोंग घेतलं.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. एसटीत पुढून तिसऱ्या बाकावर शाळेचे मुख्याध्यापक शिवशंकर सर बसलेले असत. नियमानुसार सरांनी शाळेच्या गावीच राहायला हवं होतं, आणि कागदावर ते राहतही होते. हट्टेकरही कागदावर बोरगव्हाणचेच. तेव्हा हे बोरगव्हाणचे दोन रहिवासी वसमतच्या स्टँडवर रोज साडेसातला भेटत आणि एकमेकांना ओळख न देता दोन वेगवेगळ्या बाकांवर बसत. संध्याकाळी मात्र सर रेवतीला सोबत घेऊन येत. याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पण सर शिकवायचे मनापासून. साडेआठला जादा तास, कोडी, आकृत्या, उताऱ्यावरचे प्रश्न. तिमाही परीक्षा झाली आणि रेवतीनं घरी येऊन सांगितलं, "माझा दुसरा नंबर."

हट्टेकरांना हे वाक्य समजायला थोडा वेळ लागला. "पहिला कोणाचा?"

"प्रतिक्षाचा."

प्रतिक्षा म्हणजे संतरामची पोरगी. रोज आठ वीसला एसटी वळली, की दप्तर पाठीला लावत घरातून पळत येणारी, दोन घट्ट वेण्यांची, हाताची बोटं कायम पिवळी. हट्टेकरांनी तिची वही मागून पाहिली. टाकीला दोन नळ, एकानं भरते, दुसऱ्यानं रिकामी होते, किती वेळात भरेल, असलं ते गणित. उत्तर बरोबर होतं, पायऱ्या कुठेच नव्हत्या. खाली मात्र पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'सर, खालचा नळ काहून चालू ठिवलाय?' हट्टेकरांनी आयुष्यात असली शेकडो गणितं सोडवली होती आणि हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

वर्षभरात रेवतीची भाषा पार बदलली. "आई, मला भाजी न्हाई पायजे," ती म्हणे. "काहून ओरडून राहिली?" असंही म्हणे. साधनाला काळजी वाटे. हट्टेकरांना आतून गुदगुल्या होत, कारण भाषा हा निवासाचा पुरावाच होता, फक्त त्याची साक्षांकित प्रत निघत नव्हती. शिवाय रेवतीनं एक गोष्ट केली होती जी तिच्या बापाला जमली नव्हती. तिला बोरगव्हाण आवडू लागलं होतं. शनिवारची अर्धी शाळा संपली की ती आणि प्रतिक्षा हळदीच्या वावरात जाऊन बसत, आणि प्रतिक्षा ढेकळांच्या आकृत्या मांडून तिला कोडी घाली. गणितात रेवती जी वर आली ती सरांच्या तासाला कमी आणि त्या ढेकळांत जास्त.

पाचवीच्या फेब्रुवारीत संदेश आला: मंगळवारी निवासाची प्रत्यक्ष पडताळणी, पालकांनी राहत्या घरी हजर राहावे.

हट्टेकरांच्या राहत्या घरात त्या वेळी एक चटई आणि एक कोळ्याचं जाळं होतं. सोमवारी संध्याकाळी गंगूताईंच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली आणि मंगळवारी सकाळी एक छोटा टेम्पो भरून संसार बोरगव्हाणला निघाला. कॉट, गादी, देवाच्या तसबिरी, डबे, मिसळणाचा डबा, कॅलेंडर, आणि गंगूताईंच्या मांडीवर तुळस. "तुळशीशिवाय घर राहतं वाटत नाही," त्या म्हणाल्या. ती आदल्याच दिवशी रोपवाटिकेतून आणलेली, मुळांशी काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच. हट्टेकरांनी खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं, तर भिंतीचा पोपडा निघून त्यांच्या डोक्यावर पडला. तो झटकत असतानाच अंगणात स्कूटी थांबली.

पडताळणी अधिकारी निलम मॅडम तिशीच्या आतल्या होत्या. हट्टेकरांनी त्यांना फाईल दिली. अनुक्रमणिका, पृष्ठांक, प्रत्येक पानावर साक्षांकन, सगळं होतं. मॅडमनी फाईल चाळली, खोलीत नजर फिरवली, हट्टेकरांच्या केसांतला चुना पाहिला, तुळशीची पिशवी पाहिली आणि अंगणातल्या बाजेवर बसल्या. एव्हाना अर्धी गल्ली जमली होती.

"इथंच राहता?"

"निवास आहे," हट्टेकर म्हणाले. खोटं बोलले नाहीत.

"बरं. यंदा कुकर कधी लावणार?"

हट्टेकरांचा जीव भांड्यात पडला. अखेर एक असा प्रश्न आला होता ज्याचं खरं उत्तर त्यांना माहीत होतं. "रोज. नवाच्या आत."

मॅडमनी मान वर केली. "रोज?"

"म्हणजे चतुर्थीला नाही. उपवास असतो."

"आणि एका वेळेला किती शिजतं त्यात?"

"दोन वाट्या तांदूळ, वाटीभर डाळ. वरच्या भांड्यात बटाटे."

द्वारकाबाईनं पदर तोंडात कोंबला. मॅडमच्या हातातलं पेन थांबलं होतं. "शिजल्याचं कसं कळतं?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"तीन शिट्ट्या," हट्टेकर म्हणाले. मग अचूकतेसाठी पुढे म्हणाले, "डाळ जुनी असली तर चार."

अंगणात जो हशा उसळला त्यानं म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. आणि त्या हशातून रेवती कळवळून ओरडली, "बाबा! त्या कुकरचं न्हाई विचारून राहिल्या! हळदीचा कुकर!"

हळदीच्या मुलखात फेब्रुवारीत कुकर म्हटलं की एकच. ट्रॅक्टरमागे बांधून आणतात तो. मोठमोठे ड्रम, पाण्याची टाकी, खाली जाळ. त्यात उकरलेली ओली हळद वाफेवर शिजते, क्विंटलानं. तो गावात आला की ज्याच्या-त्याच्या तोंडी तेवढंच असतं, कुणाचा नंबर कधी. वसमतच्या बाजारात हळदीचे डोंगर लागतात, पण हट्टेकरांचा आणि हळदीचा परिचय मिसळणाच्या डब्यातला. ती तिथवर शिजून येते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. गुलाबी दारासमोर तांब्या घेऊन उभं राहतानाही इतके झाले नव्हते.

"माझं माहेर हळदीचं आहे," निलम मॅडम म्हणाल्या. मग रेवतीला जवळ घेतलं. "तू सांग गं. जेठा गड्डा म्हणजे?"

"मधला मोठा. तो बेण्याला ठेवतेत. बाजूची असतेत ती हळकुंडं."

"पोरगी गावची झालीय," मॅडम म्हणाल्या, "बाप मात्र वसमतलाच राहिलाय. आणि हट्टेकर, खरं सांगते, इतके पूर्ण कागद मला जिल्ह्यात कुठंच बघायला मिळाले नाहीत. मला शंका आली ती त्यानंच. तुमचं काय करायचं ते बघू. आधी दुसरी मुलगी. प्रतिक्षा इंगोले."

प्रतिक्षाची फाईल म्हणजे तीन कागद, त्यातला एक चुरगळलेला. मॅडमनी आधार कार्ड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. प्रतिक्षा तान्ही असताना द्वारकाबाई माहेरी वसमतला गेली होती, तिथं शिबिर लागलं होतं, म्हणून भावाच्या पत्त्यावरच कार्ड काढून घेतलं. रेशन कार्डावर तिचं नाव चढवायचं राहूनच गेलेलं. थोडक्यात, सरकारच्या लेखी रेवती बोरगव्हाणची होती आणि प्रतिक्षा वसमतची.

"काहून असं मॅडम?" संतरामनं खोलीकडे बोट केलं. "ही इथंच जल्मली. त्या खोलीत. सायबाचं कॅलेंडर टांगलंय ना, बराबर त्याच्या खाली."

"मला दिसतंय हो. पण यादी आज संध्याकाळी बंद होते, आणि कागद नसला तर ती शहराच्या यादीत जाईल. गावात राहणाऱ्या कुणा सरकारी कर्मचाऱ्यानं लेखी दिलं, की ही मुलगी इथंच राहते, तर चालेल. कोण राहतं इथं?"

सगळ्यांनी शाळेतून तसेच आलेल्या शिवशंकर सरांकडे पाहिलं. सर हातातल्या खडूच्या तुकड्याकडे फार बारकाईनं पाहत होते. "मी देतो लिहून," ते पुटपुटले, "पण..."

"तुम्ही गावातच राहता ना, सर? घर कुठलं?"

सरांनी हात हवेत कुठल्याशा दिशेला नेला आणि खाली घेतला. मग हळूहळू सगळ्या अंगणाच्या माना हट्टेकरांकडे वळल्या. बोरगव्हाणच्या रहिवासी दाखल्याचा, करारनाम्याचा आणि फोटोचा धनी असलेला दुसरा सरकारी कर्मचारी तिथं नव्हता.

हट्टेकरांनी सही केली असती, तर दोन्ही पोरी खेड्याच्या यादीत बसत होत्या. पण आजवर त्यांच्या फाईलमध्ये जे होतं ते दुसऱ्यांनी दिलेलं होतं. 'मी इथे राहतो' हे वाक्य स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करायची वेळ पहिल्यांदाच येत होती. आणि नाही केली, तर? गप्प बसलं, तर? तर खेड्याच्या यादीतून रेवतीच्या पुढची एक पोरगी आपोआप बाजूला होत होती. हा विचार त्यांच्या मनात आला. आला तो आलाच, आणि तो आल्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते खाली बघू लागले.

"काका, पाणी," प्रतिक्षा पुढ्यात पेला घेऊन उभी होती. तिला वाटलं, उन्हानं होत असेल.

हट्टेकरांनी पाणी पिऊन पेला ठेवला. "कागद द्या," ते म्हणाले. "रेघांचा नको. आणि समास सोडायला पट्टी."

मग बाजेवर फाईल ठेवून त्यांनी लिहिलं: 'मी, राधाकृष्ण हट्टेकर, वरिष्ठ लिपिक, राहणार वसमत, लिहून देतो की, मी बोरगव्हाण येथे राहत नाही. राहत नसल्यामुळे मला येथे रोज यावे लागते. गेले वीस महिने, सुट्ट्या वगळून, मी रोज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी येथे एसटीतून उतरलो आहे आणि रोज कु. प्रतिक्षा संतराम इंगोले हिला तिच्या राहत्या घरातून दप्तर घेऊन निघताना समक्ष पाहिले आहे. ती येथे राहत नसती तर इतक्या वेळा दिसली नसती. मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.'

साधना खांद्यावरून वाचत होती. गेली दोन वर्षं सकाळी सहाला उठून दोन डबे करणारी तीच होती. हट्टेकरांनी तिच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तारीख राहिली." त्यांनी तारीख घातली.

मॅडमनी वाचलं. "पण नियमात 'गावात राहणारा' असं आहे."

"'किंवा गावाशी नित्य संबंध असलेला'," हट्टेकर म्हणाले. "पोटकलम तीन, पान सहा. खालून दुसरी ओळ."

मॅडमनी पान सहा काढलं. खालून दुसऱ्या ओळीत तसंच होतं. परिपत्रकं शेवटपर्यंत वाचणारा माणूस त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटत असावा. तेवढ्यात शिवशंकर सर पुढे झाले, त्यांनी पेन मागून घेतलं आणि हट्टेकरांच्या सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मजकूर खरा आहे. मी त्याच एसटीत होतो.'

"सर, हे वाचून मला तुमच्याबद्दल काही कळलं असं मी समजत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण उन्हाळ्यात एखादी खोली बघा." आणि त्यांनी एका लाल रेघेनं रेवतीला शहरात आणि दुसऱ्या रेघेनं प्रतिक्षाला गावात पाठवलं.

परतीच्या टेम्पोत गंगूताई तोंड फुगवून बसल्या होत्या. अध्यक्षांना न विचारता ठराव झाला होता. रेवतीनं विचारलं, "बाबा, म्हणजे मी आता शहरातली?"

"हो."

"काहून?"

"कारण आपण वसमतला राहतो, बाळा."

"ते मला माहितीच होतं," रेवती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. हट्टेकरांना वाटलं, दोन वर्षांत आपण या पोरीला एकदाही खोटं बोल म्हणून सांगितलं नाही, आणि तरीही ती रोज ते दप्तरात घालून नेत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

परीक्षा झाली. जूनमध्ये तालुक्याच्या कार्यालयाबाहेर याद्या लागल्या. हट्टेकर, साधना आणि रेवती तिघंही गेले. खेड्याच्या यादीत प्रतिक्षा चौथी. रेवतीनं तिथंच उडी मारली. शहराच्या वीस जणांत रेवती नव्हती. वेटिंग लिस्टमध्ये सातवी होती, आणि प्रज्ञांकुरची जागा सोडून जातंय कोण! साधनानं रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला. हट्टेकर मात्र पुन्हा खेड्याच्या यादीकडे गेले. त्यांचं बोट खाली खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. साठावं नाव. सेवा नावाची कुणी मुलगी, औंढ्याच्या पलीकडची वस्तीशाळा. गुण रेवतीपेक्षा दोन कमी.

प्रतिक्षाला ते ओळखत होते. तिची वही पाहिली होती, तिच्या हातचं पाणी प्यायले होते. तिच्यासाठी खरं लिहिणं त्या मानानं सोपं होतं. पण त्या दिवशी 'मी इथे राहतो' असं लिहून सही केली असती, तर बाहेर गेली असती ती ही, आणि ती कोण हे त्यांना कधीच कळलं नसतं. तिलाही कळलं नसतं. तिच्या घरच्यांनी म्हटलं असतं, थोडक्यात हुकलं बाई, आणि विषय संपला असता.

"कोण आहे ती?" रेवतीनं विचारलं.

"आपल्या ओळखीतली नाही."

"मग तिला सांगणार कोण? प्रतिक्षाला आपण सांगणार. हिला?"

झालं. हट्टेकरांना नवीन काम मिळालं. त्यांनी शिवशंकर सरांना फोन लावला, सरांनी केंद्रप्रमुखांना, त्यांनी आणखी कुणाला, आणि दुपारी तीनपर्यंत सेवाच्या घरातला एक नंबर हाती आला. फोन उचलला तिच्या आजीनं, जनकाबाईनं, आणि उचलल्या उचलल्या विचारलं, "काय केलं तिनं?"

"काही केलं नाही, आजी. तिचा नंबर लागला. प्रज्ञांकुरला."

पलीकडे हाका सुरू झाल्या, सेवाला, तिच्या आईला, शेजारणीला, कुणाला नाही असं नाही. कुणीतरी रडायला लागलं, कुणीतरी हसायला. हट्टेकर फोन कानापासून लांब धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं आजीला त्यांची आठवण झाली.

"तुमी कोन बोलून राहिले? साळंतले का?"

"न्हाई, आजी," हट्टेकर म्हणाले. "मी यादी बघायला आलो होतो."

"तुमचं लेकरू लागलं का हो?"

"न्हाई."

"आगं माय!" आजी हळहळली. "मंग तुमाला काहून तकलीफ? आमचा फोन लावत बसले!"

वीस वर्षं प्रत्येक पत्राला उत्तर देणाऱ्या हट्टेकरांनी फोन नुसता दुसऱ्या कानाला लावला. त्यांनी साधनाकडे पाहिलं, तर ती पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा रेवतीनंच त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आजी, सेवाला सांगा," ती म्हणाली, "तिथं गेल्यावर प्रतिक्षा इंगोले नावाची पोरगी भेटंल. दोन वेण्या हायेत. तिच्याशेजारी बस म्हणावं. गणित लय भारी सांगते."